मंजिरा आयकू येते का?

"काय आयकू आलं?" हा भाऊंचा पहिला प्रश्न. नमस्कार-चमत्कार नंतर.

फोन कुणाचाही असो, हातात आला की ते आधी त्याचं कव्हर काढायचे, चार्जिंगच्या खाचेत फुंकर मारायचे, एरोप्लेन मोड लावायचे आणि आवाजाची पट्टी पार टोकाला नेऊन ठेवायचे. "फोन फुल ठेवाचा, कमी-जास्त मिक्सरवर कराचं." मग वीतभर वायर, वायरीच्या टोकाला काडेपेटीएवढी डबी आणि डबीतून साउंडचा मिक्सर. फोनमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. त्यांचा आवाज फोन घाईघाईत करतो, ही डबी निगुतीनं करते, असं त्यांनी मला समजावलं होतं. ब्लूटूथला तर ते शिव्याच द्यायचे, कारण ते आवाज दाबून, चुरगाळून पाठवतं. गाणं लावून अर्धा मिनिट गप्प. आणि मग तो प्रश्न.

"गाणं ऐकू आलं," असं मी पहिल्यांदा म्हणाले होते.

"गाणं तं म्हशीलेही आयकू येते, ताई. गाण्यात काय आयकू आलं?"

अमरावतीत राजापेठेत त्यांचं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं आणि कार्यक्रमांना ते साउंड लावायचे. मी सूत्रसंचालन करते. त्यामुळे आठ-दहा वर्षं आमचा महिन्यातून दोनदा तरी संबंध यायचा. अलीकडे आमचे बहुतेक कार्यक्रम कराओके क्लबांचे. तुमच्याही गावात हे सुरू झालं असेल. पूर्वी निवृत्त माणसं सकाळी फिरायला जायची, आता ती टॅब घेऊन गायला येतात.

या मंडळींशी भाऊंचं रोज भांडण. कारण ही मंडळी करायची काय, की घरच्या टीव्हीवर ट्रॅक वाजवायची, समोर फोन धरायची आणि व्हॉइस मेसेज करून ग्रुपवर टाकायची. मग दुसरा सदस्य त्याच मेसेजवर स्टेजवर गाणार. एका ट्रॅकमध्ये तर मध्येच कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या आणि गाणारे काका त्यांच्यासाठी बरोबर थांबायचे. सवय झाली होती त्यांना.

एक निवृत्त बँक मॅनेजर हुशार निघाले. त्यांनी कुठलंसं अ‍ॅप वापरून असलीच फाटकी फाईल दहापट मोठी करून आणली. "आता ही हाय क्वालिटी आहे," म्हणाले. भाऊंनी अर्धा मिनिट ऐकली.

"साहेब, ही फुगोली हाय. एकदा आवाजातून जे गेलं, थे गेलं. फाईल मोठी केल्यानं परत येत नाई."

आवाजातून काय जातं, हे त्यांनी मला मंजिऱ्यावर शिकवलं. एका जुन्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात मागे बारीक मंजिरा आहे. चांगल्या फाईलमध्ये तो वाजतो आणि वाजल्यावर त्याची लांबण मागे तरंगत राहते. खराब फाईलमध्ये नुसतं 'चिस' होतं, लांबण कापली जाते. माईक, स्पीकर सगळं तपासायला भाऊ हेच गाणं लावायचे आणि मला विचारायचे, "मंजिरा आयकू येते का?" ही माझी परीक्षा चालली आहे असं मला वाटायचं, आणि बरोबर उत्तर दिलं की मी शाळकरी मुलीसारखी खूश व्हायचे. आता ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

कारण? अकोल्याला काय झालं ते सांगते. सकाळचा कार्यक्रम, सभागृह भरलेलं. एक बाई गाता गाता माईक घेऊन स्पीकरसमोर गेल्या आणि शिट्टी सुरू झाली. बारीक, टोकदार, कानात सुई घातल्यासारखी. लोकांनी कानांवर हात ठेवले. मी भाऊंकडे पाहिलं. ते मिक्सरसमोर शांत बसले होते आणि गाण्याच्या ठेक्यावर मान हलवत होते. मग त्यांना लोकांचे हात दिसले. त्यांनी आधी मिक्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माणूस इतका घाबरलेला मी क्वचितच पाहिला आहे.

मी धावत जाऊन बाईंना मागे ओढलं आणि माझ्या माईकवर हसत म्हणाले, "माफ करा, मघाशी मीच मिक्सरचं बटण फिरवून ठेवलं होतं." लोक हसले, कार्यक्रम पुढे सरकला.

परतताना मूर्तिजापूरला भाऊंनी गाडी चहासाठी थांबवली. मग म्हणाले, "खोटं काहून बोलल्या?"

"तुमचं नाव जाऊ नये म्हणून."

"शिट्टी मले आयकूच नाई आली, ताई. दोन वर्षं झाले, मंजिराई येत नाई. म्हून तं तुमाले विचारत होतो."

उभं आयुष्य ज्या माणसानं कानावर काढलं, त्याचेच कान गेले होते आणि तो माझ्या उत्तरांच्या आड ते झाकून काम चालवत होता. मी म्हटलं, मी स्टेजवरून खुणा करीन, बोट वर केलं की मंजिरा पोचतोय, तळवा खाली केला की आवाज टोचतोय. कुणाला कळायचंही नाही. भाऊंनी चहाचे पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसले.

चार दिवसांनी दुकानात बोलावलं. तेच गाणं टॅबवर लावलं. दुसरा अंतरा आला.

"मंजिरा आयकू येते का?"

मंजिरा वाजत होता, पण नुसतं चिस. भाऊंचे डोळे इतक्या आशेनं माझ्याकडे लागले होते की 'हो' माझ्या ओठांपर्यंत आलं. एक शब्द. त्यांना कुठे कळणार होतं?

"वाजतो," मी म्हणाले. "पण लांबण नाही, भाऊ."

ते हसले. "राहणारच नाई. फुगोली फाईल लावली होती. पायत होतो, आजई गोड बोलता का. गोड बोलल्या असत्या तं आजपासून दुकान बंद होतं."

पुढे वर्षभर आम्ही तसेच कार्यक्रम केले. माझं बोट, त्यांचा हात. एकदाही शिट्टी झाली नाही. पण नंतर साधं बोलणंही त्यांच्यापर्यंत पोचेना, तेव्हा दुकान आवरून ते अकोल्याला मुलीकडे गेले. जाताना ती वायर आणि डबी माझ्या हातात दिली. "पर्समधी ठेवजा," एवढंच म्हणाले.

मध्यंतरी त्यांचा फोन आला होता. कानात मशीन बसवलं म्हणे, आणि ते फोनला ब्लूटूथनं जोडलेलं. "जलमभर ज्याले शिव्या देल्या, थो कानातच येऊन बसला पाय." मीही पोटभर हसले. मग म्हणाले, "बोलणं समजते आता. मंजिरा नाई येत."

गेल्या महिन्यात अकोल्यात त्याच सभागृहात कार्यक्रम होता. मिक्सरवर दुसराच माणूस. तिसऱ्या रांगेत भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून. गायक यायला वेळ होता, म्हणून मी तपासणीसाठी ते गाणं लावायला सांगितलं. दुसरा अंतरा आला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही.

खाली उतरून पाहिलं तर मिक्सरवाल्यानं ब्लूटूथ जोडलं होतं. मी त्याचा फोन घेतला, कव्हर काढलं, खाचेत फुंकर मारली. एरोप्लेन मोड, पट्टी टोकाला. पर्समधून वायर आणि डबी काढून जोडली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. लोक कुजबुजायला लागले, लागू देत.

मी स्टेजवर जाऊन उभी राहिले. दुसरा अंतरा आला. मंजिरा वाजला आणि त्याची लांबण सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली. भाऊ माझ्याकडेच पाहत होते.

मी बोट वर केलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलवत ते ऐकू लागले.