पाण्याला विचारून उतरणाऱ्या वेणूबाई

ईरा आणि सोहम,

गेल्या रविवारी तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. गोठलेल्या तळ्यात बर्फ फोडून केलेली जागा, त्यात उतरणारी ईरा आणि मागून सोहमचं हसणं. खाली तुम्ही विचारलं होतं, "आजी, आपल्या घरात असलं वेड कुणाला होतं का?" होतं. तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला, वेणूबाईंना. त्यांच्याबद्दल तुमचा बाबाही सांगेल, पण शेवटचा भाग त्याला ठाऊक नाही, कारण त्याच्याशी मी खोटं बोलले. आता मी ऐंशीच्या घरात आहे. ते खोटं माझ्याबरोबर जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

वर्ध्याजवळ आंजीला आपल्या वावरात दगडी बांधणीची, पायऱ्यांची विहीर होती. दिवाळी सरली की थेट माघापर्यंत वेणूबाई रोज पहाटे तिथे पोहत. मेथी आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, काढायला बसण्याआधी. शेवटच्या पायरीवर उभ्या राहून त्या लुगड्याचा कासोटा घट्ट करत, खाली वाकत आणि विचारत, "येऊ काय वं माय?" मग थांबत. उत्तर काय यायचं ते त्यांनाच माहीत. कधी कधी कोरड्याच परत येत. "आज नाई म्हनते," एवढंच सांगत आणि मेथीच्या वाफ्यात जाऊन बसत.

मी नागपूरहून लग्न होऊन आले तेव्हा हे पाहून घाबरले होते. त्या वर्षी थंडी अशी होती की दव पडलेल्या मेथीला हात लावला तरी बोटं बधिर व्हायची. मी म्हटलं, "वेणूबाई, उन्हाळ्यात पोहा ना." त्या हसल्या. "उन्हायात तं म्हशीबी पान्यात बसते. हिवायात उतरून पाह्य. पानी आतून गरम राह्यते, मायच्या पोटावानी." मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यावर त्यांनी माझं नाव मास्तरीन ठेवलं. आपल्याकडच्या बायका 'मी येते' न म्हणता 'मी येतो' म्हणतात. मी एकदा त्यांना दुरुस्त करायला गेले. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काऊन वं? येतो म्हटलं तं मले मिशा फुटते काय?" पुढे मी त्या नादाला लागले नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन त्या माहेरी परतल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. त्याविषयी त्या बोलत नसत. तुमच्या बाबाला मात्र त्यांनीच पोहायला शिकवलं, पाठीखाली एक तळहात धरून. "आंग ढिलं सोड रे विनू. भेला का बुडला," असं ओरडत. मी वर काठावर त्याचा टॉवेल घेऊन उभी असे आणि माझंच अंग ताठ होत असे.

एकदा आम्ही सगळे कन्याकुमारीला गेलो. वेणूबाई आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहत होत्या. तुमच्या आजोबांना वाटलं, आता ही धावत आत शिरणार. त्या चप्पल हातात घेऊन अर्धा तास नुसत्या उभ्या राहिल्या. पाय ओले केले नाहीत.

आजोबा म्हणाले, "आक्का, एवढ्या दूर आलो, उतर ना!"

"हे कोनाचं आयकूनच नाई राह्यलं," त्या म्हणाल्या. "नुसतं आपलंच बोलून राह्यलं. याले इचारू कसं?"

परतीच्या गाडीत दोन दिवस त्या खिडकीपाशी बसून होत्या. वर्धा जवळ आली तशा खुलल्या.

आजोबा गेल्यावर मी वेणूबाईंना वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या या घरी आणलं. त्यांचे गुडघे गेले होते, हृदयाच्या गोळ्या सुरू होत्या. वावर ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरावीक रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिलं. हिवाळ्यात महिन्यातून एकदा मी त्यांना रिक्षानं विहिरीवर नेत असे. त्या काठावर बसत, उतरत नसत. त्यांना तेवढं पुरत होतं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. आपल्या वावराची कडेची पट्टी त्यात गेली आणि त्या पट्टीत विहीर होती. कागद माझ्याकडे आला. मला चांगलं तीन महिने आधी कळलं होतं. तुम्हाला माहीत आहे, मी कामांची वही ठेवते. त्यात मी लिहिलं, 'वेणूबाईंना सांगणे.' पुढच्या आठवड्यात ते खोडून खालच्या पानावर लिहिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. थंडी आहे, त्यांना खोकला आहे, सण होऊन जाऊ दे. बारा आठवडे मी ते काम स्वच्छ अक्षरात पुढे ढकलत गेले. तुमच्या बाबानं फोनवर विचारलं, "आई, आत्याला सांगितलंस ना?" मी म्हटलं, "हो, सांगितलं. शांतपणे घेतलं त्यांनी." विहीर एका दिवसात मुरूम टाकून बुजवली. वेणूबाई न्यायला सांगत तेव्हा मी म्हणे, "रस्ता खोदलाय, रिक्षा जात नाही."

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी त्या दारातून म्हणाल्या, "येतो वं, मास्तरीन." मला वाटलं, देवळात. मी स्वयंपाकघरातूनच "या" म्हटलं. त्या एकट्या, त्या गुडघ्यांनी, एसटीनं आंजीला गेल्या.

दुपारी परत आल्या तेव्हा काखेतल्या पिशवीत कोरडं लुगडं तसंच घडी केलेलं होतं. या खेपेला त्या काठावर बसायला नाही, उतरायलाच गेल्या होत्या. मी पाणी दिलं, घेतलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माय मेली अन् लेकीले निरोप नाई."

मी रडायला लागले. म्हटलं, "तुमच्या तब्येतीसाठी—"

"माह्या तब्येतीचं सोड. तुले सांगाले भेव लागलं. बुजवाच्या आंधी तिच्यावर एक लुगडं तं टाकलं असतं मी. उघडीच बुजवली तिले."

त्या कधीच रागावून बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही. त्यानंतर मात्र मला मास्तरीन म्हणाल्या नाहीत, काहीच म्हणाल्या नाहीत. आंघोळीलाही मी पाणी काढून दिलं की घेत, नाही तर नाही. होळीच्या आधी गेल्या. डॉक्टरांनी कारण हृदय लिहिलं. तुमच्या बाबाला मी तेच सांगितलं.

त्यांची क्षमा मी मागितली होती, रोज. त्यांनी दिली नाही आणि आता देणारं कुणी नाही. हे पत्र वाचून झालं की बाबाच्या हाती द्या. तो मला फोन करेल किंवा करणार नाही. दोन्ही त्याच्या हक्काचं आहे.

मागच्या आठवड्यात मी आंजीला जाऊन आले. रस्ता गुळगुळीत झाला आहे, विहीर कुठे होती ते मला नक्की दाखवता आलं नाही. चौकातल्या चहाच्या टपरीसमोर नालीवर दोन दगड आडवे टाकले आहेत, लोक त्यावरून ये-जा करतात. त्यातल्या एकावर मोटेच्या दोरानं पडलेल्या खोल खाचा आहेत. तो आपल्या विहिरीच्या काठाचा दगड आहे. तो अजून शाबूत आहे.

तुमची आजी