आजोबांच्या सुतकाची इंग्रजी माफी

मी काही लिहावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझी शाळा कन्नड, आणि मराठी घरात बोलण्यापुरती, तीही बंगळूरची. लिहिण्यात चुका सापडतील, त्यांची माफी असावी. मराठीत माफी मागणं मला जमतं. एकदा ती इंग्रजीत मागायला गेलो होतो. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी इंटरला असताना, परीक्षा जवळ आलेली असताना, आजोबा वारले. सुतकात घराबाहेर पडायचं नाही ही आमची रीत. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, शिंपीकामाचं दुकान होतं, तेही बंद राहिलं. सुतक फिटल्यावर मी मुंडण केलेल्या डोक्यानं कॉलेजात गेलो. इंग्रजीचे सर म्हणाले, "तुमची हजेरी कमी भरते. माफीपत्र लिहा, माझी सही घ्या. नाहीतर हॉलतिकीट नाही."

हॉलतिकीट नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर कायमचं दुकानात बसून काजं करायची. अण्णांनी एकच संधी दिली होती.

घरी कुणाला विचारणार? कॉलेजात इंग्रजीत जे सांगतात तो कायदाच, असं अण्णांना वाटे. मलाही वाटे.

मी लिहिलं. आपण गैरहजेरीची माफी मागतो, म्हणून 'अपॉलॉजी'पुढे 'ऑफ' घातलं. सरांनी त्याभोवती लाल गोल काढून कागद परत दिला.

"तिथे काय हवं, सर?"

"शोधा."

कँटोन्मेंटच्या इंग्रजी शाळेतून आलेला एक मुलगा माझ्या बाकावर बसे. त्याला विचारलं, तर म्हणाला, "त्यात शोधायचं काय? कानाला बरं वाटतं ते घालायचं." माझ्या कानाला ऑफ, टु, फॉर, इन सगळी सारखीच वाटत. आमच्याकडे, मराठीत आणि कन्नडमध्येही, आधी वस्तूचं नाव येतं आणि मग त्याच्याशी असलेलं नातं मागून चिकटतं. इंग्रजीत वस्तू यायच्या आधीच नातं ठरवायचं. ते कशावरून ठरवायचं, हे त्या वर्गात मला कुणी सांगितलं नाही. चुकलं की हसायचं मात्र सगळ्यांना येत होतं.

पुढचा कागद घेऊन मी सायकलनं जयनगरला, सरांच्या घरी गेलो. तिथे तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. सरांनी फाटक उघडलं नाही, फाटकावरूनच कागद घेतला. या वेळी 'फॉर' बरोबर होतं. पण 'ॲबसन्स'पुढे मी 'इन' घातलं होतं, कारण मी वर्गात नव्हतो.

"इथपर्यंत आलात, आणि एवढं साधं येत नाही?"

सायकल हातात धरून चालत परतलो. पायडल मारायचं भानच नव्हतं.

तोवर 'ऑफ'ची मला धास्तीच बसली होती. तिसऱ्या कागदात जिथे जिथे 'ऑफ' होतं, तिथून काढलं. आजोबांच्या मृत्यूपाशीही. तिथे 'टु' घातलं.

सरांनी तो कागद भर वर्गात मोठ्यानं वाचला. "डेथ टु माय ग्रँडफादर! बिचाऱ्या म्हाताऱ्याचा मुडदा पाडायला निघालेत हे!" वर्ग हसून लोळला. मागून कुणीतरी ओरडलं, "स्वामीजी, सुतक झालं, आता खून!"

आजोबांनी मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. मी पुढे गेलो, सरांच्या हातातला कागद काढून घेतला आणि बाहेर पडलो. चौथा लिहिला नाही. हॉलतिकिटाची मुदत टळली.

अण्णा रागावले नाहीत, त्याचा जास्त त्रास झाला. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले आणि माझ्यापुढे काजांसाठी सदरे ठेवले.

पुढच्या वर्षी कॉलेजातले एक वयस्क कारकून कोट शिवायला दुकानात आले. अण्णा माप घेत होते. कारकुनांनी मला ओळखलं, परीक्षेला का बसला नाहीत, असं कन्नडमध्ये विचारलं. मी सांगितलं.

"पण सुतकाचे दिवस प्रिन्सिपॉल माफच करतात," ते म्हणाले. "दरवर्षी अशी मुलं असतातच. तुम्हाला कुणाची माफी मागायचीच नव्हती."

"सरांना हे ठाऊक नव्हतं?"

"सगळ्यांना ठाऊक असतं."

अण्णांची टेप त्यांच्या खांद्यावर तशीच थांबली.

"यांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तरी झालं असतं," अण्णांकडे बोट दाखवून ते म्हणाले. "कन्नडमध्ये चालतं. अक्षर स्वल्प बरं असलं की पुरे."