मामींची झोप आणि मामांचं सोयाबीन

माझ्या मामासासऱ्यांनी आयुष्यात एकदाही हार खाल्लेली नाही, कारण आपण हरलो हे समोरच्याने ठरवायचं असतं हेच त्यांना मान्य नाही. महागावच्या बाजारात त्यांची धान्याची अडत होती. पस्तीस वर्षं त्यांनी सोयाबीनचा एकेक ढीग दातांनी पारखला. दाणा दाढेखाली धरायचा, फोडायचा, ओल किती ते सांगायचं आणि थुंकून टाकायचा. पुढे ओल मोजायचं यंत्र आलं. त्याचा आकडा मामांच्या निकालाशी जुळला नाही, की मामा यंत्रच दुरुस्तीला पाठवायला सांगत. इतकी वर्षं सोयाबीन तोंडात घोळवलं, पण एक दाणा पोटात जाऊ दिला नाही. तसं आमच्या भागात ते कुणीच खात नाही. ते पेरायचं आणि विकायचं. खाणारे लोक कुठेतरी लांब राहतात, अशी सगळ्या तालुक्याची समजूत आहे.

अशा माणसाला सोयाबीन खायला लावलं ते मामींच्या झोपेने. दोन वर्षं मामींचा धड डोळा लागत नव्हता. दिवसभर डोकं जड, बोलताबोलता शब्द हरवायचे, आणि एकदा तर गॅस चालू ठेवून त्या देवळात गेल्या. मामांना घाबरलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं होतं, की सोयाबीन खाणाऱ्यांना झोप चांगली लागते. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, काहींना फरक पडतो, काहींना नाही, खात्री कुणी देऊ शकत नाही. खाऊन बघा आणि संध्याकाळचा चहा बंद करा. मामांनी यातलं 'खाऊन बघा' तेवढं ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी ते पाच किलो सोयाबीन घेऊन चक्कीवर गेले. चक्कीवाले चाचा हात जोडून सांगत होते, की हा तेलाचा दाणा आहे, गव्हात मिसळल्याशिवाय दळता येत नाही. मामा म्हणाले, "चाचा, सोयाबीन तुम्ही मले शिकवता काय?" पाच मिनिटांत चक्कीच्या दगडांवर लोण्यासारखा थर बसला आणि चक्की बंद पडली. चाचांनी दगड उचलून खरवडले, वरून ज्वारी फिरवली, तरी दोन दिवस अर्ध्या गावाच्या भाकरीला सोयाबीनचा वास येत होता. मामा मात्र घरी येऊन म्हणाले, की चक्कीच कमजोर निघाली.

त्यानंतर त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. भिजवणं, भाजणं, गव्हात मूठभर मिसळून दळून आणणं, कणीक मळणं, सगळं स्वतः. संध्याकाळी मामींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, की प्रमाण बिघडतं म्हणून त्यांना ओसरीवर बसवायचे; त्यात त्यांचा त्या वेळचा चहाही राहून जायचा. पोळी कुठलाही आकार घ्यायची, पण मामा ती ताटात अशी वाढायचे, की कारंजाचं नावाजलेलं तूपही तिच्यापुढे फिकं पडावं.

पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी घरावरून वरात गेली. बँड खिडकीखाली दहा मिनिटं थांबून वाजत होता आणि मामी आत गाढ झोपलेल्या. मामांनी दारात उभं राहून वरातीलाच सांगितलं, "वाजवा बाप्पा, अजून वाजवा. बाई झोपून राह्यली माही." संध्याकाळी ते भाजलेल्या सोयाबीनची पिशवी घेऊन बाजारात गेले, भेटेल त्याच्या हातावर मूठ ठेवली, आणि सगळ्यांसमोर स्वतः एक दाणा चावून गिळला. नवरदेवालाही एवढा मान मिळाला नसेल.

मी मागच्या महिन्यात गेलो, तेव्हा मामा आत पोळ्या लाटत होते. मामी ओसरीवर बसल्या होत्या, चेहरा उजळलेला. मी विचारलं, खरंच सोयाबीनने गुण आला का. त्यांनी आतल्या बाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "दाण्यानं आला का चहा सुटला म्हून आला, मले नाही मालूम, जवाई. पण लग्न झाल्यापासून सांजच्या वक्ताले मले 'तू बस' असं कोणी म्हणलंच नव्हतं. त्यायले सांगू नका बरं."

तेवढ्यात मामा ताट घेऊन आले आणि कशी झाली म्हणून विचारू लागले. पोळी एका बाजूने करपली होती. मी आणखी एक मागून घेतली.