ओदालिसच्या कढईचं भोक

आमच्या किनाऱ्यावरच्या काइबारिएन गावात बिघडलेली मोटारसायकल घेऊन ओदालिसकडे जायचं म्हणजे आधी तिच्या नवऱ्याच्या नावाने शिव्या ऐकायच्या आणि मग इंजिनाचं बघायचं. ज्या उन्हाळ्यात आमचा अर्धा गाव फळ्यांना टायरच्या ट्यूब बांधून देश सोडायला समुद्रात उतरला, त्याच उन्हाळ्यात तिचा एवेलिओही गेला. पोचल्याचा निरोप नाही की चिठ्ठी नाही. मागे त्याचं गॅरेज राहिलं, पाने-पकडी राहिल्या, आणि भिंतीवर ओदालिसच्या आईची तांब्याची कढई राहिली. पेरूचा मुरंबा आटवायची ती कढई, पण तिच्या बुडाला भलं मोठं भोक. जाण्याआधी एवेलिओने ते तांबं कापून नेलं होतं. कशासाठी, ते बायकोला सांगितलं नाही.

"बघ, हा माझा संसार!" भोकातून हात घालून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायची.

तिच्या म्हणण्याप्रमाणे एवेलिओ समुद्रापलीकडे टँपामध्ये मजेत होता. तिथे त्याने दुसरी केली होती, लठ्ठ, दात सोन्याचे. कुंपणापलीकडची फेफा रोज कपडे वाळत घालताना काडी टाकायची.

"काय गं, तुझ्या टँपावाल्याची काय खबर?"

"तिसरं पोर झालं त्या नालायकाला! देव करो आणि रात्रभर रडो!"

अख्खी गल्ली हसायची, मीही हसायचो. एकदाच एक दारुडा म्हणाला, "बुडाला असेल गं बिचारा." ओदालिसने हातातला पाना त्याच्या दिशेने भिरकावला. कपाळमोक्षच व्हायचा, थोडक्यात वाचला. तेव्हापासून ते वाक्य तिच्या अंगणात कुणी उच्चारलं नाही. नवरा दगाबाज असला तर चालेल, पण असला पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

मी निवाल्दो. साईडकारच्या जुन्या रशियन मोटारसायकलवर उतारू नेतो आणि बडबड फुकट देतो. माझं इंजिन मी कासिमिरो कोळ्याच्या शेडमधून उचललं. त्याला ते भर समुद्रात सापडलं होतं, फळ्यांना बांधलेलं, वर माणूस कोणी नाही. त्या वर्षी समुद्राने असं बरंच काही परत केलं, आणि कुणाचं काय ते विचारायची पद्धत नव्हती. मी त्याचा विनोद केला. उतारू बसला की सांगायचो, "हे इंजिन मायामीला निघालं होतं. व्हिसा नाही म्हणून अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं!"

काही वर्षं बरं चाललं, मग गाडी लंगडायला लागली. चढावर दम लागायचा, उभी केली की एका अंगाने थरथरायची. ओदालिसकडे नेली. इंजिन कुठून आणलंस म्हणाली, तेव्हा तिलाही तोच विनोद सांगितला. ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

मग ती कामाला लागली. बोट तोंडात घालून थुंकी उजव्या सायलेन्सरच्या नळीला लावली, चर्र झालं. डाव्या नळीला लावली, तर ती ओघळत खाली आली.

"डावा सिलिंडर झोपलाय," ती म्हणाली. "तुझ्यासारखाच. दुसऱ्याच्या जिवावर चाललाय."

"मी घर चालवतो, बाई!"

"तुझी बायको चालवते. पाना दे."

तिची रीत एवेलिओचीच. एका वेळी एकच वस्तू डावीकडची उजवीकडे बदलायची. रोग वस्तूबरोबर उजवीकडे गेला तर दोष वस्तूचा, आणि डावीकडेच राहिला तर पुढची वस्तू बघायची. तिने प्लग बदलले. डावी नळी थंडच. तारा बदलल्या. थंडच. दोन्ही कार्बोरेटर काढून उलटसुलट लावले, तरी रोग हटायला तयार नाही.

"हा तर घरजावई दिसतोय," मी म्हणालो.

ती हसली नाही. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून तिने मला किक मारायला लावली. उजवीकडे अंगठा फटकन उडाला. डावीकडे नुसता श्वास सुटला. तिने आत चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहिलं, तरी तसंच. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या, हवा वरून कुठूनतरी निसटत होती. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, सांध्याजवळ काजळीचा एक ओघळ तिला दिसला. "इथे आहे चोर," म्हणत तिने हेड उतरवलं.

हेड आणि सिलिंडरच्या मध्ये हवा निसटू नये म्हणून गॅस्केट असतं. याचं कारखान्यातलं नव्हतं, कुणीतरी हाताने कापलेलं तांब्याचं कडं होतं. एका बाजूला खाऱ्या पाण्याने खाऊन पातळ झालेलं. ओदालिसने ते चिंधीने पुसलं. बाहेरच्या कडेवर एके ठिकाणी कात्री घसरल्याची खाच होती.

ती त्या खाचेकडे बघत राहिली. मला वाटलं, गॅस्केट कुठून मिळवायचं याचा विचार करते आहे. मग ती उठली, भिंतीवरची कढई उतरवली, जमिनीवर ठेवली आणि ते कडं भोकात बसवलं. ते बसलं. फिरवत फिरवत भोकाच्या कडेला राहिलेला तांब्याचा दात बरोबर त्या खाचेत शिरला.

फेफाच्या अंगणात कोंबडी ओरडत होती, आणि मला माझाच विनोद शब्दन् शब्द ऐकू येत होता. तिने मला काही विचारलं नाही. विचारायचं काय, मीच तर सगळं हसत हसत सांगून टाकलं होतं. फळ्या, इंजिन, वर कोणी नाही.

"ओदालिस..." मी म्हणालो.

"गप्प बस."

तिने तळवा त्या कड्यावर ठेवला. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिने कात्री घेतली आणि कढईचं उरलेलं बूड कापायला सुरुवात केली.

"अगं, आईची कढई ती!"

"दुसरं तांबं गावात आहे का?"

नवं कडं तिने चुलीवर लाल केलं, पाण्यात बुडवून मऊ केलं, घासून सपाट केलं आणि बसवलं. जुनं एप्रनच्या खिशात टाकलं. मी किक मारली. इंजिन एका सुरात लागलं. तिने थुंकी लावली, दोन्ही नळ्या चर्र बोलल्या. एवढं सुरेल इंजिन मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि मला ते बंद करावंसं वाटत होतं.

"तो विनोद," ती इंजिनाकडे बघतच म्हणाली, "यापुढे कुणाला सांगायचा नाही."

"नाही सांगणार. आईशप्पथ."

तेवढ्यात फेफा बादली घेऊन बाहेर आली. तिला बिचारीला काय ठाऊक!

"काय गं ओदालिस, टँपावाल्याची काय खबर?"

ओदालिसने हात एप्रनच्या खिशात घातला. खिशातल्या कड्यावर तिची मूठ घट्ट आवळलेली मला दिसत होती. फेफा चिमटा हातात धरून थांबली. मला वाटलं, आता ही सांगते.

"चौथं झालं," ओदालिस ओरडली. "मुलगी आहे. माझंच नाव ठेवलंय निर्लज्जाने!"

फेफा खो खो हसली आणि तिने चादर दोरीवर टाकली.