पऱ्हाट्या जाळू नका म्हणत फिरले तेव्हा

बाभुळगावजवळच्या आमच्या गावात मी सगळी नोकरी नर्स म्हणून केली. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं ठरवलं होतं. पण कापूस वेचून झाला की लोक वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून पेटवतात, आणि पुढे कितीतरी दिवस गाव खोकत राहतं. ते बघवेना. पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांची कुट्टी करून मातीत मिसळायची आणि त्याचं मशीन ग्रामपंचायतीनं भाड्यानं आणायचं, एवढा ठराव मला ग्रामसभेत हवा होता. म्हणून वही घेऊन दारोदार सह्या मागत निघाले.

आठवड्यातच पाय भरून आले. लोक चहा पाजत, "बराबर हाय बाई" म्हणत, आणि सहीचं नाव काढलं की विषय बदलत.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर एक म्हातारी चुलीपुढे बसली होती. तिच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं मीच केलेली. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "नर्सबाई, वावरातला धूर तुमाले दिसला. हा चुलीतला जलमभर माया डोयात जाऊन राह्यला, तो काहून नाई दिसला?"

तिच्या घरी जाऊन मी बाळांचं वजन केलं, लस टोचली. त्या धुराबद्दल एक शब्द कधी काढला नव्हता.

"चुकलं माझं, याडी," तांड्यावर आईला म्हणतात तसं मी म्हटलं. तिनं वही ओढून अंगठा उठवला.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळीच आमच्या वावरातून धूर निघाला. काडी नवऱ्यानंच लावली होती. "मजूर आजच मोकये होते. तुया मशीनची वाट कुठवर पाहू?" ते म्हणाले. भांडायचीही ताकद नव्हती.

सभेत नेमकं तेच निघालं. "बाई, आंधी आपल्या वावरातला धूर तं इझवा!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मी उभी राहिले. "आमच्याच वावरातला हाय. मले नवऱ्याले पटवता आलं नाई. मशीन गावात असतं तं त्यायनं काडी लावली नसती. म्हणूनच ठराव मागून राह्यली."

हसू थांबलं. म्हातारीनं तांड्यावरच्या बायका आणल्या होत्या. आधी त्यांचे हात वर गेले, मग हळूहळू बाकीच्यांचे. चुलीच्या घरांना गॅस मिळावा, असंही तिनं ठरावात लिहायला लावलं.

मशीन आलं तोवर बहुतेक वावरं काळी झाली होती. चार-पाच घरांनीच पऱ्हाट्या राखल्या होत्या, तेवढ्यांची कुट्टी झाली. गॅसचा अर्ज अजून तालुक्याला पडून आहे. मी एसटीनं दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा साहेब मीटिंगला.

यंदाचाही कापूस वेचून होत आला. परवा मी पायाला तेल चोळत बसले होते. हे सहज म्हणाले, "औंदा मशीन कवा येते म्हंते?"

"तुमीच इचारून या ना," म्हटलं.

त्यांनी चपला घातल्या आणि ग्रामपंचायतीकडे गेले.