निळी फळी

मंडईच्या कोपऱ्यातल्या ओट्यावर मासेवाली मावशी उभी राहिली की पडदा वर गेल्यासारखं वाटायचं. हातात सुरा, जिभेवर टोमणा. कुणी मासा ताजा आहे का विचारलं तर ऐकवायची, "तुझ्यापेक्षा ताजा आहे, बाबा." नवरा गेल्यावर या ओट्यानंच तिला सांभाळलं होतं.

प्रयोगशाळेतली एक पोरगी अधूनमधून यायची. मंडईमागच्या तळ्यातल्या माशांत प्लास्टिकचे बारीक कण किती, ते ती तपासत होती. प्रत्येक ओट्यावरून साफ केलेला मासा आणि त्याची आतडी न्यायची. एका सकाळी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. इतरांच्या माशांत कण होते ते फक्त पोटात. मावशीच्या माशांच्या मांसावरही होते, आणि निळे. ही गोष्ट बाहेर गेली की ओटा उठलाच म्हणायचा. पण पोरगी म्हणाली, आधी कारण कळू दे, मग लिहीन. आणि माशा वारत बाजार उठेपर्यंत तिथंच बसून राहिली.

शेवटी तिनं मासे कापायच्या फळीवर बोट ठेवलं. बाकी सगळ्यांकडे लाकडी ठोकळे. धुवायला सोपी म्हणून मावशीनं मात्र हौसेनं प्लास्टिकची निळी फळी आणली होती. मधोमध ताटासारखा खळगा पडला होता.

"इथलं प्लास्टिक कुठं गेलं, मावशी?"

मावशीनं खळग्यावरून बोट फिरवलं. सुऱ्याच्या घावाघावानं ते माशाला चिकटून घरोघर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा जुना ठोकळा माळ्यावरून खाली आला. कणांनी भरलेली आतडी पुन्हा तळ्यातच भिरकावायची सवयही सुटली. गिऱ्हाइकांना तिनं आपल्याच तोंडानं सगळं सांगितलं. काहींनी नाक मुरडलं, बरेचसे टिकले. पुढच्या तपासणीत निळे कण नव्हते. तळ्यातले मात्र पोटात होतेच, तेही पोरीनं लपवलं नाही.

मावशीनं त्या दिवशीचा सगळ्यात देखणा मासा निवडला, पोट काढून स्वच्छ धुतला, स्टीलच्या डब्यात घातला.

"हा तपासायचा नाही हं. घरी नेऊन खायचा."

पोरगी क्षणभर डब्याकडे बघत राहिली. मग तो पिशवीत घालून निघाली.

पुढच्या खेपेला रिकामा डबा ओट्यावर आला. "आईनं विचारलंय, आणखी एक मिळेल का?"

मावशीनं डबा उगाचच पदरानं पुसला. मग पुन्हा पुसला. टोमणा काही सुचेना.