गमरेंच्या घरची रविवारची सभा

जगदीश गमरे पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले, पण युनियनचं सरचिटणीसपद काही त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नाही. मुलाने, राजरत्नने, कोणाला न विचारता हप्त्यावर भिंतभर टीव्ही आणला, त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "या घरात लोकशाही नाही. येत्या रविवारपासून सभा. घरातला प्रत्येक खर्च सगळ्यांसमोर बोलायचा."

सभा सुरू झाली. काळाचौकीला चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, विहारातली वंदना आटोपून आल्यावर आणि मटणाचा कुकर उतरायच्या आधी. अध्यक्ष अर्थात जगदीशराव. बोलायचं तर हात वर करायचा. ठराव एकाने मांडायचा, अनुमोदन दुसऱ्याने द्यायचं. सून प्रिती बँकेत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "रविवारी पण मीटिंग? आमच्याकडे निदान चहा-बिस्किटं तरी देतात."

पण गंमत म्हणजे सभेचा उपयोग व्हायला लागला. विजेचं बिल किती येतं हे दहावीतल्या नातीला, रुचाला, पहिल्यांदाच कळलं, आणि ती पंखा बंद करायला लागली. राजरत्नचे हप्ते ऐकून त्याच्या आईने, चंपाबाईंनी, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने नवा फोन घ्यायचा बेत गुंडाळला.

मग प्रितीच्या एक गोष्ट लक्षात आली. मोठ्याने मांडलेल्या ठरावाची जगदीशराव पार चिरफाड करायचे. हळू आवाजातला ठराव मात्र डोळे मिटून, मान डोलावत ऐकायचे आणि म्हणायचे, "रास्त आहे. मंजूर." त्यांना ऐकूच येत नव्हतं, आणि अध्यक्षाने "काय म्हणालात?" विचारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. झालं! घरात पुटपुटायची साथ आली. नवं वॉशिंग मशीन मंजूर. रुचाची सहल मंजूर. राजरत्नने तर जिमची वर्षभराची फी पुटपुटली, तीही मंजूर. मागाहून बिल बघून जगदीशराव चमकायचे, पण "पप्पा, सभेत तुम्हीच मंजूर केलंत" म्हटलं की गप्प बसायचे.

चंपाबाईंनी काही दिवस हे नुसतं बघितलं. एका रविवारी त्यांनी पहिल्यांदाच हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "यांना कानाचं मशीन घ्यायचं. माझा ठराव."

जगदीशराव लालेलाल झाले. "हा विषय आज नाही. आणि मला नीट ऐकू येतं."

"मग आत्ता रुचा काय म्हणाली, सांगा."

"सहलीचं काहीतरी."

"ती म्हणाली, आजोबा, दाराची बेल वाजतेय. अजून वाजतेय, अहो!"

रुचा दार उघडायला पळाली. जगदीशराव खुर्चीत जरा खाली सरकले. "एवढे पैसे कशाला घालवायचे माझ्या कानात? रुचाचं कॉलेज तोंडावर आलंय. मी डॉक्टरलाही तेच सांगितलं."

"डॉक्टरला? कधी गेला होतात?" चंपाबाईंचा आवाज खाली आला. "सगळ्यांनी सगळं बोलायचं, आणि तुम्ही हे एकटेच घेऊन बसलात?"

प्रितीला ते वॉशिंग मशीन आठवलं आणि कसंतरीच झालं. "अनुमोदन!" ती जोरात म्हणाली. राजरत्नने जिम सोडून, फीचे परत मिळाले तेवढे पैसे इकडे वळवले. जिममध्ये तसाही तो दोनदाच गेला होता. ठराव मंजूर झाला. विरोधात एकच मत, अध्यक्षांचं.

मशीन आलं. पहिले काही दिवस जगदीशराव घरभर फिरून चौकशी करत होते, "हा फ्रिज एवढा घरघरतो? आणि चंपा, तू भांडी घासताना गाणं म्हणतेस? कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून," चंपाबाई म्हणाल्या.

पुढच्या सभेत जगदीशरावांनी स्वतःहून राजीनामा दिला. न ऐकता ठराव मंजूर करणाऱ्याने खुर्चीवर बसू नये, असं छोटंसं भाषणही केलं. ते छोटं भाषण मटण गार होईपर्यंत चाललं. आता खुर्चीत चंपाबाई असतात. सभा झटपट उरकते. जगदीशरावांना प्रत्येक विषयावर बोलायचं असतं, म्हणून त्यांचा हात बराच वेळ वर असतो.

"हात खाली घ्या," अध्यक्षीणबाई सांगतात, "आधी प्रितीचं होऊ दे."